मायव्वाचा जबाब

वंशावळ हा शब्द कानावर पडला की मला मळमळायला लागतं. म्हातारपणाचं पित्त म्हणावं तर ते नव्हे. पित्त सुंठसाखरेने जातं. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीत आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद. म्हणाले, "तुम्हाला मोडी वाचता येतं असं कळलं. आमचं घराणं मूळचं सरदाराचं. तेवढं कागदात सापडतंय का बघा." मी विचारलं, "आणि सरदाराचं नाही निघालं तर?" ते हसले. "निघेल हो. तुम्ही बघा तर खरं." येणारा प्रत्येक जण असाच येतो. पूर्वज कसा हवा ते घरूनच ठरवून येतो, मी फक्त तो शोधून हातात द्यायचा. मेंढरं राखणारा पूर्वज आजवर एकानेही मागितलेला नाही. मग या मुलखात एवढी मेंढरं राखत कोण होतं, आणि ते सगळे निपुत्रिक मेले की काय? मी डोळ्यांचं निमित्त सांगून गृहस्थांना वाटेला लावलं.

वैशाखाचं ऊन पुन्हा तसंच पडलं आहे. सुनेने गच्चीवर कुरडया घातल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी माझी जुनी पेटी उघडून ठेवली आहे, कागदांना कसर लागू नये म्हणून. कुरडईचा आंबूस वास आणि तापलेल्या कागदाचा वास एक होऊन जिन्यावरून खाली येतो, आणि मी तिशीतला होऊन दप्तरखान्याच्या पायरीवर उभा राहतो. आवडीने नव्हे. तो वास मला विचारून येत नाही.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापुरातल्या एका कचेरीत मी नक्कलनवीस होतो, म्हणजे जुन्या दिवाणी कागदांच्या नकला करून देणारा कारकून. मोडी वाचता येई, इंग्रजी लिहिता येई, म्हणून भाषांतरंही माझ्याच गळ्यात पडत. वैशाखात कचेरीला सुट्टी लागली, वकील लोक थंड हवेला पळाले, की आम्हा दोघाचौघांना मागे ठेवून वर्षाचं एक काम करून घेत. दप्तरखान्यातले सगळे रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, अंगणात ऊन दाखवायला काढायचे. कडुलिंबाचा वाळलेला पाला झटकून नवा घालायचा. ठेवायचे कागद एका बाजूला, मुदत संपलेले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूचे भिंतीपलीकडच्या खड्ड्यात जाळायचे. कुठला कागद कुठल्या बाजूला, हे माझी पेन्सिल ठरवी.

रुमालाची गाठ सुटली की आधी वटवाघळाच्या लेंड्यांचा भपकारा येई. मग वाळवीची माती सांडे. मग मेलेल्या पाली निघत, कागदाइतक्याच चपट्या आणि कागदाच्याच रंगाच्या. त्याचं मला काही वाटत नसे. मला शिसारी यायची ती पानांच्या कोपऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांनी जिभेला बोट लावून ती पानं उलटली होती. कोपरे तपकिरी, कडक, तंबाखूची थुंकी वाळून वाळून चकचकीत झालेले. मी आपली पाण्याची वाटी जवळ ठेवी. आमचे शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले वरिष्ठ कारकून, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि मला हसत. "जोशी, थुंकीशिवाय सरकार चालत नाही," म्हणत. आणि स्वतः बोट जिभेला लावत.

मदतीला हणमंता पट्टेवाला असे. चाळिशीचा, उंच, वळसंगचा धनगर. शहरात वीस वर्षं काढूनही याच्या अंगाचा मेंढरांचा वास गेला नाही, असं शिरस्तेदार त्याच्या तोंडावर म्हणत. मला तो वास कधी आला नाही. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की तो भिंतीच्या सावलीत भाकरी सोडी, आणि मी माझा डबा घेऊन चार हात लांब बसे. चार हात म्हणजे चारच. ते अंतर आम्ही दोघंही न मोजता बरोबर राखत होतो.

सुट्टी लागून आठवडा झाला असेल, तेव्हा डोरा मिसबाई आल्या. स्टेशनापलीकडे गोऱ्या लोकांच्या मुलांसाठी एक लहानशी शाळा होती, तिथे त्या वीस-पंचवीस वर्षं शिकवत होत्या. वय पन्नाशीचं. रंगाने माझ्यापेक्षा एक छटा सावळ्याच. डोक्याला टोपी आणि हातात पांढरे मोजे. सोलापुरात, वैशाखात, हातमोजे. आडनाव ब्रॅकन. त्यांचे आजोबा कुणी ब्रॅकन साहेब कंपनी सरकारच्या काळात या भागात अंमलदार होते आणि पटकीने इथेच वारले. साहेबांच्या मुलाला, म्हणजे मिसबाईंच्या वडिलांना, एका पाद्र्याने वाढवलं आणि ब्रॅकन हे आडनाव लावून दिलं. आता शाळेच्या कमिटीने नवीन टूम काढली होती. आजोबा खरोखर युरोपियन होते याचा कचेरीचा कागद आणा. कागद आणला तर नोकरी राहील आणि शाळेच्या आवारातली खोली राहील. नाही तर शाळा उघडण्याआधी खोली मोकळी करा. मिसबाईंचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले, भावंड नाही. ती एक खोली सुटली असती तर ना गोऱ्यांत जागा होती, ना काळ्यांत.

शाळेत त्या इंग्रजी बोलत असतील. आमच्याशी इथली दखनी बोलत. म्हणाल्या, "मेरे डॅडी बोलते थे, ग्रँडमदर गोवा की पोर्तुगीज लेडी थी. साहेब गुजर गए, फिर इधर उनके पैसे का केस हुआ. कचेरी में ग्रँडमदर साहेब का नाम बोले होयेंगे. वोइच कागद होना मेरे को, मिस्टर जोशी."

पाच दिवस मी तो कागद शोधला. सहाव्या दिवशी एका रुमालात, दोन पालींच्या मध्ये, ब्रॅकन साहेबांच्या मिळकतीच्या दाव्यात सापडला. वर इंग्रजी भाषांतर होतं, वळणदार अक्षरातलं, खाली भाषांतर करणाऱ्याची झोकदार सही. त्यात लिहिलं होतं की, मुलाच्या बापाचं नाव साक्षीदार बाईला माहीत नाही. त्याच्याखाली निकाल: बाप शाबीत नाही. संपलं. मिसबाईंची खोली गेली, असं मनात म्हणत मी पान उलटलं. खाली मूळ मोडी जबाब होता. बाईचं नाव मायव्वा, जात धनगर, राहणार वळसंग. गोव्याची पोर्तुगीज लेडी ती हीच.

मी ते पुटपुटत वाचत होतो. हणमंता कागदांवर ठेवायला दगड आणत होता, तो थांबला. "रावसाब, वळसंग म्हनला काय?"

"हो. धनगर बाई आहे कुणी. तुमच्याकडची."

तो दगड खाली ठेवून उकिडवा बसला. "वाचा की वाईच."

मी वाचलं. सवाल, हा मुलगा कोणाचा? जबाब, धन्यांचा. सवाल, धनी कोण? जबाब, ज्यांनी माझे गळ्यात डोरले बांधिले ते. सवाल, त्यांचे नाव सांग. जबाब, ते मी कसे सांगावे? सवाल, नाव सांगितल्याशिवाय मुलाचा बाप लिहिता येत नाही. जबाब, कचेरीत बसले आहेत त्या सर्वांस ठाऊक आहे. पुढे कारकुनाचा शेरा होता: तीन वेळा विचारिले. मान खाली घालिते. नाव घेत नाही.

हणमंता म्हणाला, "मग सायबानं काय लिवलं?"

"तिला नाव माहीतच नाही, असं."

"म्हाईत न्हाई कसं? बायकू हाय की ती. ठिवलेली असती तर धा येळा नाव घेतलं असतं. आमचा बा जाऊन वीस वर्सं झाली, म्हातारी अजून त्येचं नाव घेत न्हाई."

जे समजायला मला पाच मिनिटं लागली असती ते त्याला ऐकताक्षणी समजलं होतं. आणि मला पाच मिनिटं तरी का लागावीत? माझ्या घरी काय वेगळं होतं? माझ्या थोरल्या काकांचं नाव नारायण. काकू जन्मभर नारळाला नारळ म्हणाली नाही. 'शेंडीवालं फळ' म्हणायची. वाणी हसायचा आणि नारळ द्यायचा. माझी बायको मला 'अहो' म्हणे, आणि दारात पोस्टमन आला की शेजारच्या मुलीला हाक मारून तिच्या तोंडून माझं नाव वदवून घेई. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे या मुलखात सांगावं लागत नसे. आता सांगावं लागतं. परवा घरोघर माणसं मोजायला सरकारी माणूस आला, त्याला सुनेने माझ्या मुलाचं नाव, शिक्षण, वय सगळं धडाधड सांगितलं, आणि वर म्हणाली, "वजनपण लिहून घेता का?" मला तिचं कौतुक वाटलं. पण मायव्वाच्या काळी नाव गिळून उभं राहणं हाच बायकोपणाचा पुरावा होता, आणि तिने तो भर कचेरीत दिला होता.

तो पुरावा घेणारे कोण होते, याचा विचार केला की मात्र अजूनही तोंडाला घाण चव येते. वर खुर्चीत बसलेला साहेब परका होता. त्याला आपल्या चालीरीती कळल्या नसतील असं धरू. पण खाली बसलेले? जबाब लिहिणारा कारकून, दोन्हीकडचे वकील, शिरस्तेदार, भाषांतर करणारा, दारातला पट्टेवाला, सगळे आमचे. प्रत्येकाच्या घरी एक बाई त्याचं नाव गिळून संसार करत होती. एकाने उठून म्हणायचं होतं की साहेब, आमच्यात असं असतं. कुणी उठलं नाही. 'नाव घेत नाही' याचं 'नाव माहीत नाही' करणाऱ्याला त्यातला फरक कळला नसेल, हे मी मानायला तयार नाही. त्याला चांगला कळला असणार. एक धनगरीण साहेबाची बायको ठरते आहे हे त्यांना बघवलं नाही. साहेबाच्या घरात ती राहिली, हे चाललं. तिला मूल झालं, हेही चाललं. बायको म्हणवून घेते म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात दुखलं. मग संध्याकाळी घरी जाऊन, हातपाय धुऊन, त्यांनी 'अहो, पानं वाढलीत' ही हाक ऐकली असेल आणि मुकाट जेवले असतील.

मी शिरस्तेदारांकडे गेलो. भाषांतर चुकलंय, नवं करून देतो, म्हणालो. त्यांनी आंब्याची फोड तोंडात धरूनच कागद वाचला आणि ते हसायला लागले. रस हनुवटीवर आला. "म्हणजे बाई नवरा विसरली नव्हती म्हणता. जोशी, तुम्हाला कशाला हव्यात या उचापती? तुम्ही काय त्या धनगरणीचं कन्यादान करताय?" मग हनुवटी पुसून म्हणाले, "करा. सुट्टी आहे, करमणूक होईल. सही तुमची, जबाबदारी तुमची."

मी करमणूक म्हणून केलं नाही. दोन दिवस बसून शब्दाला शब्द लावला. खाली टीप लिहिली की, या देशात पत्नी पतीचं नाव उच्चारत नाही, म्हणून साक्षीदाराचं मौन अज्ञानाचं न मानता पत्नीपणाचं मानावं. आणि कचेरीतल्या सर्वांना नाव ठाऊक आहे असं ती म्हणते, त्या वेळी या कचेरीचे नुकतेच वारलेले अंमलदार एकच होते, ब्रॅकन. ते दोन दिवस मी जरा ताठ चालत होतो. ते आठवलं की मला माझीही किळस येते.

मिसबाई आल्या. मी वाचून दाखवलं. त्यांना आधी काही कळेना. मग मी चाल समजावून सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर अगदी मऊ झाला. "तो वो वाइफ थी?"

"वाइफच."

त्यांनी मोज्याने डोळे पुसले. मग कागद हातात घेऊन स्वतः वाचायला लागल्या आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. "धनगर मतलब? बकऱ्यावाले?"

हणमंता शेजारीच उभा होता. त्याला कोण आनंद झाला होता. तो पुढे होऊन म्हणाला, "मिसबाई, तुमची मान्सं हायती की अजून वळसंगात, मी गावात इचारून आलो. मायव्वाच्या भावाची नातवंडं. लई मोटा कळप हाय. येकदा चला, मी दावतो. तुमाला बघून लई बरं वाटंल त्यास्नी."

मिसबाई मागे सरकल्या आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. हणमंताला कळलं. तो खाली वाकून आधीच नीट असलेले दगड पुन्हा नीट करायला लागला. मला मिसबाईंची इतकी शिसारी आली की कागद हिसकावून घ्यावा असं वाटलं. रंग हणमंताचा, नाक हणमंताचं, आणि त्या नाकावर रुमाल.

मग हणमंता पाणी आणायला गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ये नाम, ये जात, ये गाव, इत्ता नको लिखो, मिस्टर जोशी. बाकी सब रख देव. कमिटीवाले बोलेंगे, बकरीवाली की पोती हमारे बच्चों कू इंग्लिश सिखाती? वाइफ थी तो भी रूम जाएंगी." मी म्हणालो, असं करता येत नाही, हा सरकारी कागद आहे. त्या म्हणाल्या, "मैं किधर जाऊं, तुमीच बोलो." आणि खरोखर उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

मी त्या रात्री झोपलो नाही, वगैरे म्हणणार नाही, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद घेतला आणि 'मायव्वा, धनगर, वळसंग' याच्या जागी इंग्रजीत लिहिलं: एक कुलीन देशी स्त्री. बाकी टीप तशीच ठेवली. अक्षर छान आलं, त्या जुन्या भाषांतरकारासारखंच वळणदार. खाली सही केली. पहिल्या खेपेला आमच्यापैकी एकाने त्या पोराच्या बापाचं नाव घालवलं होतं. दुसऱ्या खेपेला मी आईचं घालवलं. मी दयेने केलं हे खरं आहे. ज्याला घर आहे त्याने घर नसलेल्यावर केलेली दया. पण मायव्वाला कुणी विचारलं? तिचं तर दोघांनीही सारखंच केलं.

आता मूळ मोडी जबाब राहून चालणार नव्हतं. उद्या कुणी ताडून पाहिलं तर माझी नोकरी गेली असती. मी त्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण केली आणि तो जुन्या भाषांतरासकट दुसऱ्या बाजूच्या ढिगात सरकवला. उन्हं कलल्यावर हणमंता ढीग पाटीत भरून खड्ड्याकडे नेऊ लागला. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्याने ओळखला. वरच्या अंगाला वाळवीने खाल्लेलं एक भोक होतं, त्यावरून असेल.

"रावसाब, ह्यो मायव्वाचा न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. "दुसरा आहे."

तो "बरं," म्हणाला आणि गेला. भिंतीपलीकडून धूर आला. जुना कागद जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

मिसबाईंचं काम झालं. खोली राहिली, नोकरी राहिली. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या आणि निळ्या डब्यातून केक घेऊन आल्या. स्वतः भाजलेला, अंड्याचा, वर बेदाणे. माझ्या दोन्ही हातांवर डबा ठेवून त्या म्हणाल्या, "ये तुमारे घर के वास्ते." डोळ्यांत पाणी होतं. मी डबा घेतला. त्या फाटकाबाहेर गेल्यावर तो हणमंताला दिला. त्याने केक फडक्यात बांधून घेतला. "पोरास्नी हुईल," म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी घरी आलो. उंबऱ्याबाहेरच थांबून बायकोला सांगितलं की मिसबाईंचा केक हाताला लागलाय, अंड्याचा होता. ती म्हणाली, "अगं बाई. मग तिथेच थांबा हं, कशाला शिवू नका. मी पाणी आणते." तिने मागल्या दारी दोन घागरी आणून ठेवल्या. पाण्याची टंचाई होती, पण तिने हात आखडला नाही. मी डोक्यावरून पाणी घेतलं, जानवं बदललं, धूतवस्त्र नेसलो आणि पाटावर येऊन बसलो. तिने पान वाढलं. मला अगदी स्वच्छ वाटत होतं. कागदाची आठवण तेव्हा मला झालीच नाही.